मावशीच्या मरणाची तारीख

खेचर क्रमांक ४१७ अकरा नोव्हेंबरला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, विमानात मेलं. मरणाचं कारण : इंजेक्शन. इंजेक्शन देणारा : मी. दाखल्यावर माझी सही आहे, सहीखाली शिक्का आहे आणि शिक्का सरळ उमटलेला आहे. असं आमच्याकडं सहसा होत नसे.

बरं, ते राहू दे. असं काही झालंच नाही असं समजू. मीसुद्धा त्या सकाळी तसंच समजून विमानात चढलो होतो.

"सही इथं. आणि इथं," मिश्राजी म्हणाले.

मिश्राजी आमच्या तळावरचे सुभेदार-क्लार्क. माणूस उत्तरेकडचा, पण अठरा वर्षं पुण्यात काढल्यामुळं मराठी बोलायचे, आणि मराठी पुण्यात शिकल्यामुळं दुसऱ्याच्या चुका काढत बोलायचे.

मी कागद वाचला. "मिश्राजी, हा मृत्यूचा दाखला आहे."

"हो."

"खेचर बाहेर गवत खातंय."

"खाऊ दे की. त्याचा याच्याशी काय संबंध?"

मग त्यांनी मला पद्धत समजावून सांगितली. तळावर मी नवा होतो. वरच्या ठाण्यांवर खेचरं विमानानं जात. हवेत एखादं जनावर बिथरलं तर सोबतच्या डॉक्टरनं त्याला तिथंच इंजेक्शन देऊन संपवायचं. पण हवेत विमान हलतं, डॉक्टर हलतो, सही हलते आणि पुढं तपासणीत कुणीतरी म्हणतं की ही सही डॉक्टरची वाटत नाही. म्हणून दाखला खालीच, स्थिर टेबलावर भरून घ्यायचा. दोन प्रती. एक डॉक्टरच्या खिशात, एक मिश्राजींच्या फायलीत.

"जनावर सुखरूप उतरलं की वायरलेसवरून निरोप द्या : फाडा. मी फाडतो."

"आणि निरोप आला नाही तर?"

"चोवीस तास थांबतो. मग दाखला खरा."

"मरणाची वेळ कोरी आहे."

"ती वैमानिकाच्या वहीवरून घेतो," मिश्राजी दुखावल्यासारखे म्हणाले. "आम्ही मनानं काही लिहीत नाही."

मी सही केली. तेव्हा माझं वय सत्तावीस होतं आणि कुठल्याही गोष्टीवर काहीतरी बोलल्याशिवाय मला राहवत नसे. मी म्हणालो, "माझाही एक भरून ठेवा, एकदमच काम होईल."

मिश्राजी हसले नाहीत. खण उघडून त्यांनी आत पाहिलं आणि परत लावला. "तुमचा वेगळ्या फायलीत असतो," ते म्हणाले.

बाहेर नाईक बिरू गोरड खेचराच्या कानात काहीतरी सांगत उभा होता. बिरू म्हसवडकडचा धनगर. उंच, बारीक, आणि हसला की फक्त एका बाजूनं हसायचा, जणू दुसरी बाजू पहाऱ्यावर आहे. क्रमांक ४१७ ही त्याच्या ताब्यातली मादी. नंबर तिच्या पुढच्या डाव्या खुरावर डागलेला होता. बिरू तिला मावशी म्हणायचा.

"मावशी का रे?" मी विचारलं.

"बघा की कशी बघती. लग्नात जेवान कमी पडल्यावं माझी मावशी आशीच बघायची."

मी बघितलं. खरंच तशी बघत होती. आमच्या सगळ्या तुकडीत ती वयानं थोरली. वरच्या वाटेवर बर्फाखाली कुठं पोकळी आहे हे तिला वासानं कळतं असं सगळे म्हणत. चार हिवाळे ती पुढं चालली होती आणि तिच्या मागच्या एकाही जनावराचा पाय खाली गेला नव्हता. म्हणून म्हातारी असूनही तिला पाचव्यांदा वर पाठवत होते.

"हा शेवटचा हिवाळा," बिरू म्हणाला. "मार्चात वय भरतंय तिचं."

"मग निवृत्ती?"

बिरूनं दोन बोटांची बंदूक करून स्वतःच्या कपाळाला लावली, आणि मावशीला दिसू नये म्हणून लगेच हात खिशात घातला. आमच्या त्या तुकडीत तेव्हा तशीच निवृत्ती होती.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण पुढं ते लागणार आहे. माझं नाव रघुवीर चोगले, गाव हर्णैजवळ. बाप तांडेल, स्वतःचा मचवा. मला समुद्र लागायचा. किनाऱ्यावर उभा राहिलो तरी लागायचा. तांडेलाचा मुलगा बंदरातच ओकतो म्हटल्यावर बापानं मला जमिनीच्या दिशेनं ढकललं, पण मी जरा जोरात गेलो आणि हवेत पोचलो. एका फ्लाइंग क्लबात तेवीस तास विमान चालवलं. चोविसाव्या तासाला कळलं की मला हिरव्या-तांबड्यातला फरक नीट दिसत नाही. मग जनावरांचा डॉक्टर झालो, कारण गाय कुठल्याही रंगात गायच असते. आणि मग फौज. चार धंदे अर्धे-अर्धे केले होते. त्या सकाळी चारही एकाच पत्र्याच्या डब्यात बसायचे होते.

डब्याचा मालक स्क्वाड्रन लीडर पिंपळखुटे. नागपूरचा. त्यानं मला विमानाच्या पोटात नेलं आणि बोटानं भिंतीवर टकटक केलं.

"ऐका डॉक्टर. हा पत्रा. पापडापेक्षा जाड आहे, पण लई जाड नाही. तुमच्या जनावराचा पाय यातून बाहेर गेला, का मागोमाग आपण सारे. समजून राहिले?"

"समजून राहिलो."

"मी घंटी देईन. घंटी म्हणजे सुई. घंटी म्हणजे चर्चा नाही, दोन मिनिटं नाही, 'बघतो' नाही. घंटी म्हणजे सुई."

"आणि चुकून वाजली तर?"

"माझी घंटी चुकून वाजत नाही," पिंपळखुटे म्हणाला.

सिरिंज माझ्या छातीच्या खिशात होती, बोटभर जाड. एका खेचराला पुरेल एवढं मरण त्यात भरलेलं होतं. त्याच खिशात, तिला टेकून, घडी घातलेला दाखला. श्वास घेतला की दोन्ही एकदम टोचत.

पहिली पन्नास मिनिटं मावशी नळ्यांच्या पिंजऱ्यात शहाण्यासारखी उभी होती. बिरू तिच्या मानेला टेकून काहीतरी बडबडत होता. मी ऐकलं तर तो तिला म्हसवडच्या वाटेवरची गावं ओळीनं सांगत होता. "आता दहिवडी आली. आता जरा चढ हाय." खिडकीतून खाली नुसता पांढरा, दात-ओठ खाणारा डोंगर दिसत होता.

मग विमान एकदम खाली गेलं. दोन माणसं, एक खेचर आणि एक गवताचा भारा क्षणभर तिथंच हवेत राहिले. परत टेकलो तेव्हा मावशी बदललेली होती. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. तिनं मागचे दोन्ही पाय झाडले. वरची नळी वाकली. दुसऱ्या लाथेला नळी निघाली आणि पत्र्यावर जाऊन आपटली. तिसरी लाथ पत्र्यालाच लागली. पत्र्याला बाहेरच्या बाजूनं टेंगूळ आलं.

घंटी वाजली.

मी खिशात हात घातला. हात दाखल्यावर पडला, मग सिरिंजवर. टोपण काढलं. बिरूनं माझ्याकडं पाहिलं. तो नको म्हणाला असता तर कदाचित मी दिलं असतं, कारण घंटी म्हणजे चर्चा नाही. पण त्यानं नको म्हटलं नाही. तो मावशीच्या डोळ्यांवर आपला हात धरून म्हणाला, "मान हितं हाय, साहेब. शीर हितं लागंल. लवकर करा, तिला कळाय नगं." आणि तिला सांगायला लागला, "आता म्हसवड आलं बघ. आलंच."

घंटी वाजतच होती.

माझ्या बापाच्या मचव्यातून बैल खाडीपलीकडच्या बाजाराला जात. मध्ये वारा उठला की बैल उभ्या उभ्या बिथरायचे. बाप ओरडायचा, "उभा बैल म्हंजे दुसरी डोलकाठी, आणि तिला शीड नाही! आडवा कर त्याला!" आणि मी, तोंडाला फडकं लावून ओकत ओकत, दोर टाकायचो. समुद्रावर मला जमलेलं ते एकच काम.

"बिरू, नाल मारताना बैल पाडतात ते बघितलंयस?"

"व्हय."

"हिला पाडायची."

"हितं?"

"घंटी ऐकू येतीय ना? विचारू नकोस."

गळ्याला एक फास, छातीला वेढा, पोटाला वेढा, आणि दोर सरळ मागं. ओरडायचं नाही, झटका द्यायचा नाही, नुसतं वजन टाकायचं. मी पाठीवर पडून पाय पिंजऱ्याला लावले आणि ओढलं. चौथी लाथ माझ्या कानाजवळून गेली. तिचा वारा अजून आठवतो. मग मावशीचे गुडघे वाकले. ती एक मोठा सुस्कारा सोडून, अगदी लग्नातल्या मावशीसारखी, जागा नाही तरी बसली. बिरू तिच्या मानेवर आडवा पडला. मी चारही पाय मचव्यातल्या गाठीनं बांधले आणि तिच्या तोंडावर पोतं टाकलं. मग कोपऱ्यात जाऊन ओकलो.

घंटी थांबली. भिंतीवरचा फोन वाजला.

"झालं?" पिंपळखुटेचा आवाज.

"झालं. एकदम शांत आहे."

"दहा चाळीस," तो कुणालातरी म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, किती वाजले ते सांगतोय.

वरच्या धावपट्टीवर विमान इंजिन बंद करत नाही. तिथल्या थंडीत ते परत सुरू होईल याची कुणी खात्री देत नाही. सात मिनिटांत सगळं उतरवायचं. बांधलेली मावशी आम्ही काथ्याच्या चटईवर घालून, तोंडावरच्या पोत्यासकट ओढत बाहेर काढली. पिंपळखुटे खिडकीतून बघत होता. त्यानं गंभीर चेहऱ्यानं टोपीला हात लावला. मला वाटलं, मला. मीही लावला. विमान गेलं.

दोर सोडला तशी मावशी उठली, फुरफुरली आणि ठाण्याच्या स्वागताच्या फळीचा कोपरा खाल्ला.

'फाडा' हा निरोप मी लगेच लिहून दिला. वायरलेसवाला म्हणाला, चहा घ्या, लावतो. चहा येईपर्यंत बर्फ सुरू झालं. तीन दिवस पडलं. तीन दिवस त्या यंत्रातून नुसता तळणीचा आवाज येत होता. चौथ्या दिवशी यंत्र बोललं, पण आमच्या आधी मिश्राजी बोलले : "४१७ च्या मृत्यूची नोंद झाली. वेळ दहा चाळीस, वैमानिकाच्या वहीप्रमाणे. पुराव्यादाखल नंबर असलेला खुराचा तुकडा पाठवावा."

मी कळवलं, ४१७ जिवंत आहे.

दोन दिवसांनी उत्तर आलं : "जिवंत असल्याचा दाखला पशुवैद्यकाने द्यावा. मात्र ज्याने मृत्यूचा दाखला दिला आहे त्याने देऊ नये."

दुसरा पशुवैद्यक डोंगर ओलांडून खाली. तो फेब्रुवारीत वार्षिक तपासणीला येणार होता. तेव्हा त्याच्याकडून दाखला घ्यावा, इतकं सोपं होतं. मी बिरूला तसं सांगायला गेलो. तो मावशीचा खूर मांडीवर घेऊन कानशीनं तासत होता.

कानस खाली ठेवून तो म्हणाला, "साहेब, येक विचारू? मेलेलीच ऱ्हाऊ द्या की तिला."

"म्हणजे?"

"मार्चात जित्या खेचराला गोळी घालत्यात. मेलेल्याला कोन गोळी घालतंय? बर्फ वितळलं की ह्या खालच्या गावात द्यू सोडून. म्हाताऱ्या मान्सांची लाकडं वाहील. मी ठरवून आलोय त्यांच्यासंगं."

"कधी ठरवलंस?"

"काल."

"आणि खुराचा तुकडा?"

बिरूनं मांडीवरचा खूर वर केला. खूर नखासारखा वाढतो. नाल बदलताना तासावा लागतो, आणि वर्षापूर्वी डागलेला नंबर खाली सरकत सरकत कडेला आलेला असतो. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा त्याच्या तळहातावर होता. त्यावर स्पष्ट ४१७.

"ह्यो तसाबी फेकायचाच," तो म्हणाला. "खोटं काय हाय ह्यात?"

खरंच काही नव्हतं. मी इतका खूश झालो की तो तुकडा कापसात गुंडाळून, वर 'शोकाकुल' असं लिहून मिश्राजींना पाठवला. त्यांनी पोच पाठवली.

त्या हिवाळ्याइतकी मावशी कधीच सुखी नव्हती. ती यादीत नव्हती म्हणून तिच्यावर ओझं लादायचा हुकूम निघेना. वाट शोधायला मात्र बिरू तिला पुढं घालायचा, आणि रोज परत आल्यावर मला रिपोर्ट द्यायचा, "साहेब, आज भुतानं आकरा जनावरं आनली." ठाण्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं, प्रत्येक जनावराच्या दाण्यातून मूठमूठ कमी होई आणि बारावं तोंड भागे. मी रोज नवा विनोद करायचो. मेलेल्याला थंडी कसली. मेलेल्याला लाथ मारायचा अधिकार नाही. सगळे हसायचे. बिरू एका बाजूनं.

नऊ फेब्रुवारी. सकाळ स्वच्छ, आभाळ निळं, वारा नाही. वायरलेसवाला धावत आला : तपासणीवाले साहेब, म्हणजे तोच दुसरा पशुवैद्यक, हेलिकॉप्टरनं निघाले, पाऊण तासात पोचतील. अकरा खेचरं मोजणार.

तबेल्यात बारा होती.

"नाल्यापलीकडं मेंढपाळांचा दगडी निवारा आहे," मी म्हणालो. "तिथं घेऊन जा. हेलिकॉप्टर परत गेलं की ये."

बिरूनं मावशीला बाहेर काढलं. ठाण्याच्या कडेपर्यंत ती आली. जिथून नाल्याची उतरण सुरू होते तिथं तिनं चारही पाय रोवले. मान खाली घातली, बर्फाला नाक लावलं आणि मागं सरली. बिरूनं दोर ओढला. ती आणखी मागं सरली.

"चल गं," बिरू म्हणाला. मग दोर सैल सोडून माझ्याकडं वळला. "साहेब, ही न्हाई म्हनती."

"म्हणू दे."

"ही आसं कवा करत न्हाई. तिला कायतरी वास आलाय. तबेल्यातच गवताच्या मागं ठिवू का?"

"तिथं तो मोजायला येणार, बिरू. तेरा पावलं लांबीचा तबेला आहे. लपवणार कुठं?"

"मग सांगून टाकू त्याला. काय हुईल?"

"दाखला मिळेल. आणि मार्च येईल."

बिरूनं मावशीकडं पाहिलं. लांब कुठंतरी हेलिकॉप्टरची घरघर सुरू झाली. ती आधी कानात नाही, पायाखाली कळते.

"तिचं न्हाईच म्हननं हाय," तो पुन्हा म्हणाला.

आणि मी म्हणालो, "मेलेल्याचं मत कोण विचारतंय?"

बिरू हसला. यावेळी दोन्ही बाजूंनी. पहिल्यांदाच बघितलं मी त्याला तसं हसताना. "व्हय की," तो म्हणाला आणि त्यानं दोर मनगटाला गुंडाळला. मी मावशीच्या मागं गेलो आणि तिच्या ढुंगणाला खांदा लावून ढकललं. पशुवैद्यक मी. मी ढकललं. तिनं लाथ मारली नाही. ती उतरली.

तपासणीवाले साहेब फार प्रसन्न माणूस होते. त्यांनी अकरा खेचरं मोजली, दोनदा मोजली, छान म्हणाले, चहा मागितला. कप त्यांच्या हातात असताना तो आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी शेजारच्या खोलीत गादी टाकावी तसा. चहावर बारीक तरंग उठले आणि थांबले. हेलिकॉप्टरच्या आवाजानं बर्फ सुटतं की नाही याबद्दल जाणकारांची दोन मतं आहेत, असं साहेबांनी मला नंतर सांगितलं.

मी बाहेर आलो तेव्हा नाला नव्हता. जिथं उतरण होती तिथं सपाट, गुळगुळीत, नवंकोरं पांढरं होतं.

बिरू तिसऱ्या दिवशी दुपारी सापडला, पाच हात खाली. तो उजव्या कुशीवर झोपल्यासारखा होता. दोर मनगटाला गुंडाळलेला तसाच. दोराचं दुसरं टोक आणखी खाली गेलं होतं, ताठ. शोधपथकाच्या प्रमुखानं यादी पाहिली. यादीप्रमाणे बेपत्ता माणूस एक, तो मिळाला. जनावरं अकरा, अकराही तबेल्यात. यादीप्रमाणे खाली काहीच नव्हतं. त्यांनी दोर कापला.

चौकशी सात दिवसांनी बसली. मी सगळं सांगितलं. दाखला, घंटी, पोतं, खुराचा तुकडा, तबेला, सगळं. अध्यक्ष माझं ऐकत फायलीची पानं उलटत होते. एका पानावर थांबले. तिथं कापसात तो तुकडा टाचलेला होता, आणि माझ्या अक्षरात 'शोकाकुल'.

"कॅप्टन चोगले," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्याबद्दल मी ऐकलंय. ठाण्यावर सगळ्यांना हसवता म्हणे. पण एक माणूस गेलाय. ही वेळ आहे का चेष्टेची?"

"सर, ही चेष्टा नाही. ठाण्यावरच्या कुणालाही विचारा."

त्यांनी विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मेलेल्या खेचराला तीन महिने दाणा घातला असं लिहून सही करायला कुणी पुढं आलं नाही. मला त्यांचा राग नाही. सही काय करते हे मला माहीत आहे.

अहवालात लिहिलं : नाईक गोरड हा परवानगीशिवाय, विनाकारण, एकटाच ठाणं सोडून गेला असता अपघाती मृत्यू पावला.

दोन वर्षांनी मी फौज सोडली. म्हसवडला गेलो. बिरूची आई दारात दोर वळत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं मला ताक दिलं. ते पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग विचारलं, "डाक्टर, कागदावं लिवलंय कारन नव्हतं म्हनून. माज्या बिरूनं कारनाबिगर घरातलं मांजर बी उठवलं न्हाई कवा. कुटं निघाला हुता त्यो?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ढकललं तेही, आणि त्याआधी काय म्हणालो तेही.

ती दोर वळत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजे येकटा नव्हता."

"नव्हता."

"मग त्यांनी तसं लिवाय पायजे."

त्याला आता बारा वर्षं झाली. मी चिपळूणजवळ कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवतो आणि दरवर्षी नऊ फेब्रुवारीला खालील अर्ज पाठवतो. मिश्राजी निवृत्त झाले, फाईल बांधून कुठंतरी ठेवली, आणि एकदा मेलेलं जनावर पुन्हा मारण्याची तरतूद नसल्याचं मला दोनदा तोंडी कळवण्यात आलं. यंदाची प्रत अशी :

मा. अभिलेख अधिकारी यांस,

विषय : खेचर क्रमांक ४१७ च्या मृत्यूची तारीख दुरुस्त करणेबाबत.

महोदय, उपरोक्त जनावराच्या मृत्यूचा दाखला अर्जदाराने स्वतःच्या सहीने, जनावर गवत खात असताना दिलेला आहे. तरी मृत्यूची तारीख ११ नोव्हेंबर ही खोडून त्या जागी ९ फेब्रुवारी अशी लिहावी. मृत्यूचे कारण 'इंजेक्शन' हे खोडून 'अर्जदाराने ढकलल्यामुळे' असे लिहावे. त्यायोगे नाईक बिरू गोरड यांच्या अहवालातील 'विनाकारण' व 'एकटाच' हे दोन शब्द आपोआप रद्द होतात, ते रद्द करावेत व तसे त्यांच्या मातोश्रींस लेखी कळवावे. खात्रीसाठी दोराचे दुसरे टोक अद्याप त्याच जागी असून, आपल्या सोयीच्या दिवशी खणून पाहण्यास अर्जदाराची हरकत नाही.

चोवीस तासांत उत्तर न आल्यास, आपल्याकडील प्रचलित पद्धतीप्रमाणे, वरील मजकूर खरा समजण्यात यावा, ही विनंती.